मागे बसणाऱ्यांनी काय म्हणायचं

"मॅडम, तुमचं आटोपतं घ्या. पोरं रोशन सरांची वाट पाहून राहिली," प्राचार्य माझ्या कानाशी येऊन म्हणाले. माझ्या अर्ध्या स्लाइड्स बाकी होत्या.

सानगडीचं ज्युनिअर कॉलेज. समोर अकरावी-बारावीची मुलं. मी मोटार वाहन निरीक्षक आहे. लायसन्सची टेस्ट घेणं, गाड्या तपासणं हे रोजचं काम. शाळा-कॉलेजात जाऊन रस्ता सुरक्षेवर बोलणं हे त्यातलं मला सगळ्यात आवडणारं काम. अनेक वर्षं आमच्या ऑफिसात ते फक्त मीच करायचे. मग रोशन बदली होऊन आला.

रोशन माझा ज्युनिअर. साकोलीकडचाच मुलगा. त्याने माइक बाजूला ठेवला आणि ओरडला, "काय बे पोट्टेहो, झोपले का?"

हॉल दणाणला. मी इतकी वर्षं 'विद्यार्थी मित्रांनो' म्हणत आले होते.

त्याने बॅगेतून नशेचा चष्मा काढला. हा चष्मा घातला की दारू प्यायल्यासारखं दिसतं. सरळ रेष वाकडी होते, जवळची वस्तू लांब वाटते. एकेक मुलगा चष्मा घालून रेषेवर चालायचा, धडपडायचा, बाकीचे हसून लोळायचे. कार्यक्रम संपल्यावर रोशनसोबत सेल्फी काढायला रांग लागली. एका मुलीने माझ्या हातात मोबाईल दिला. "मॅडम, आमचा फोटो काढून देता का?"

मी काढून दिला. माझ्यासोबत फोटो कोणी मागितला नाही.

तेवढ्यात माझ्यामागे एक मुलगा मित्राला म्हणाला, "मजा येते बे! पेल्यावर असंच वाटत असन तर पेऊनच पाहू."

खरं सांगते, मला आनंद झाला. रोशनची चूक सापडली होती. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी साहेबांच्या केबिनमध्ये.

"सर, त्या चष्म्याने नशा म्हणजे गंमत वाटते मुलांना. बंद करायला हवा."

साहेबांनी फाईल मिटली. "मॅडम, प्रॉब्लेम चष्म्याचा आहे का रोशनचा?"

मला खोटं बोलता आलं नाही. "दोन्हीचा, सर."

साहेब हसले. "मग पुढच्या कार्यक्रमात चष्म्यानंतर तुम्ही बोला. पण स्लाइड्स नकोत."

पुढचा कार्यक्रम दिघोरीला होता. आठवडाभर माझ्या डोक्यात एकच विचार, रोशनपेक्षा भारी काय करायचं? त्याच्यासारखं ओरडणं मला जमणार नव्हतं. त्याच्यासारखी बोली मला येते, घरी आम्ही तशीच बोलतो. पण माइकसमोर ती माझ्या तोंडून निघत नाही.

दिघोरीला चष्म्याचा खेळ झाला, हशा झाला. मी उठले आणि विचारलं, "गाडी कोण कोण चालवतं?" बरेच हात वर झाले. लायसन्स किती जणांकडे असेल ते मी विचारलं नाही.

"आणि मागे कोण बसतं?"

जवळजवळ सगळेच. मुली तर सगळ्या.

"चालवणारा प्यालेला आहे हे कळलं, तर त्याला काय म्हणता?"

वर गेलेले हात खाली आले. शेवटी आचल नावाची एक मुलगी उभी राहिली. "काय म्हणणार मॅडम? भाऊच राहते तो. तू पेला आहेस म्हटलं तर चार लोकांत चिडते. अजून जोरात चालवते."

माझ्या एकाही स्लाइडवर याचं उत्तर नव्हतं. दारूने डोळ्यांना दिसल्यापासून हाताने ब्रेक दाबेपर्यंतचा वेळ वाढतो, हे मी नेहमी सांगायचे. पण मागे बसलेल्या मुलीने तोंडाने काय म्हणायचं, ते मी कधीच सांगितलं नव्हतं.

मी दोन खुर्च्या एकामागे एक लावल्या. पुढे एका मुलाला बसवलं, मागे आचलला. "हा प्यालेला आहे. न भांडता उतरायचं कसं, सांगा सगळे."

"मले उलटी होऊन राहिली म्हण!"

"मायचा फोन आला म्हण!"

मागच्या रांगेतून मोनाली नावाची मुलगी ओरडली, "चप्पल पडली म्हण! गाडी थांबली का चाबी काढून घे!"

हॉल हसला. या वेळी माझ्या कार्यक्रमात हसला. मी रोशनकडे पाहिलं. तो टाळ्या वाजवत होता. त्याने तोंड पाडलं असतं तर मला जास्त बरं वाटलं असतं.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. पाहुणे येतात, दुकानं लागतात, आणि दुपारपासूनच मोहाची दारू चालते. अशाच एका मंडईहून आचल चुलतभावाच्या गाडीवर परत निघाली. भाऊ प्यालेला होता. सोबत त्याचा मित्र दुसऱ्या गाडीवर, तोही प्यालेला. गावाबाहेर येताच दोघांनी रेस लावली.

"थांब ना दादा, माही चप्पल पडली."

भावाने गाडी थांबवली. आचल उतरली, चाबी काढली आणि काकांना फोन लावला. भाऊ शिव्या देत राहिला. ती चाबी मुठीत धरून काका येईपर्यंत उभी राहिली.

मित्र थांबला नाही. पुढच्या वळणावर त्याची गाडी रस्ता सोडून शेतात, धानाच्या बांधीत गेली. मांडीचं हाड मोडलं. जीव वाचला.

दिघोरीच्या कॉलेजने आचलचा सत्कार ठरवला आणि फोन केला रोशनला. 'रोशन सरांच्या मार्गदर्शनामुळे' वगैरे. रोशन माझ्या टेबलाशी आला. "मॅडम, हे तुमचं काम आहे. सांगू का त्यांना?"

मोठेपणाने 'राहू दे' म्हणायचा विचार मनात आला. आला तसा गेला. "सांग," मी म्हणाले.

त्याने फोनवर सांगितलं, मग सत्कारात स्टेजवरूनही सांगितलं. मी शाल सावरून बसले. आचल माइकजवळ आली.

"सर चांगले आहेत, मॅडमही चांगल्या आहेत," ती म्हणाली. "पण 'चप्पल पडली म्हण' असं मले मोनालीनं सांगतलं होतं. तिले बोलवा ना वर."

मोनाली लाजत स्टेजवर आली. सगळ्यात मोठ्या टाळ्या तिला मिळाल्या. रोशन माझ्याकडे पाहून हसला. मलाही हसावं लागलं.

आता कार्यक्रमात मी कमी बोलते. खुर्च्या लावते, प्रश्न विचारते आणि गप्प बसते. मुलं मुलांचंच ऐकतात. तरी मला मधेच बोलल्याशिवाय राहवत नाही; रोशन मात्र शेवटपर्यंत नुसता ऐकत बसतो. रोशनबद्दलची जळजळ गेली आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. गप्प बसण्यातही तो माझ्यापेक्षा चांगला आहे.