आज आमची कॉम्प्युटर लॅब उघडली

घाटकोपर-मुलुंडच्या फिजिक्सवाल्यांनो, आज सकाळी आमच्या कॉम्प्युटर लॅबचं कुलूप निघालं. तपासणी समिती येणार होती ना!

वर्षभर आम्ही प्रोग्राम वहीतच लिहिलेत, आणि त्यांची उत्तरंही. माझ्याकडे लॅपटॉप नाही. आमच्या घरात कॉलेजपर्यंत शिकणारी मीच पहिली.

प्रॅक्टिकलच्या मॅडम म्हणाल्या, "नुसतं स्क्रीनकडे बघत बसा, कशाला हात लावू नका."

मी लावला. वहीतला लंबकाचा प्रोग्राम टाईप करून चालवला, तर एरर! एक कंस बंद करायचा राहिला होता. वहीत त्याच प्रोग्रामखाली मॅडमची तपासल्याची सही आहे.

तेवढ्यात समितीतल्या सरांनी मला विचारलं, "रोज बसता इथे?"

शेजारची स्नेहल कुजबुजली, "हो म्हण गं, वाट लागेल!"

पण मला खोटं बोलवेना. "नाही सर, आज पहिल्यांदाच."

समिती गेल्यावर मॅडम कडाडल्या, "कॉलेजचं नाव घालवलंस!"

मी म्हटलं, "मॅडम, उद्या लॅब उघडाल ना? प्रोग्राम अर्धाच राहिलाय."

मॅडमनी दाराला कुलूप लावलं. उद्याही कुलूप असलं तर मी वही घेऊन दारातच बसणार आहे. कोण कोण येतंय?