लोकरीचं माप

नवा फ्रंट डिरेलर सायकलीच्या सीटखालच्या पाइपवर बसवला आणि बोल्ट आवळत गेलो. बोल्ट संपला, तरी डिरेलर गोल फिरतच राहिला. समोर हिराबाई कमरेवर हात ठेवून उभी होती.

"मिस्त्री, ह्यो तर बांगडीवानी फिरतोय की!"

मलाही डोळे होते. पण गिऱ्हाईक बोललं की जरा जास्तच लागतं.

भवानी पेठेत, पुण्यातल्या नव्हे, माझं गिअरच्या सायकलींचं दुकान आहे. घराणं विणकरांचं. बापाचा जन्म मागावर गेला, माझा चेनच्या काळ्या तेलात चाललाय. हिराबाई सांगोल्याकडची, मेंढपाळाची लेक. ती पशुसखी आहे, म्हणजे शेळ्यामेंढ्यांच्या लसीकरणात सरकारी डॉक्टरांना मदत करते. भावानं हौसेनं घेतलेली माउंटन बाइक मोटरसायकल आल्यावर गोठ्यात पडली होती. ती हिनं बाहेर काढली, मागं कॅरिअर लावलं आणि त्यावर लसीचा थर्मोकोलचा डबा बांधला. मोटरसायकल का नको, असं मी एकदा विचारलं होतं. "फटफटीच्या आवाजानं मेंढरं उधळत्यात. मग पकडा जावा तुमी," म्हणाली. 

तिच्या सायकलीला पेडलपाशी तीन दातेरी चकत्या आहेत. फ्रंट डिरेलर म्हणजे त्यांच्यावरून चेन इकडून तिकडे ढकलणारा छोटा पिंजरा. सपाटीला मोठी चकती, चढाला सगळ्यात लहान. दगडावर आपटून तिचा डिरेलर मोडला होता. तरी बाई घरी बसली नव्हती. चढ आला की उतरायचं, बाभळीच्या काटकीनं चेन लहान चकतीवर घ्यायची आणि पुन्हा टांग मारायची. मी हे ऐकलं तेव्हा मनातल्या मनात हातच जोडले.

नवा निवडताना तीन गोष्टी बघाव्या लागतात. चकत्या किती आणि केवढ्या, केबल वरून ओढते की खालून, आणि पाइप किती जाड. पहिल्या दोन मी तिनं पाठवलेल्या फोटोवरून ओळखल्या. जाडीसाठी फोनवर म्हटलं, "पट्टीनं मोजत बसू नका. पाइपला दोरा गुंडाळा, बरोबर तेवढाच कापा आणि पाठवून द्या." दोरा खोटं बोलत नाही, हे विणकराच्या घरात आम्ही लहानपणीच शिकतो.

दोरा भाजीच्या टेंपोवाल्याबरोबर आला. मी तो पट्टीवर ताणून धरला, हिशेब केला आणि ३४.९ मिलिमीटरचा डिरेलर पुण्याहून मागवला. आता जाडी मोजायचा व्हर्निअर लावला, तर पाइप निघाला ३१.८.

"हिराताई, दोरा नीट गुंडाळला होता ना?"

"व्हय की. आयनं कातलेली लोकर. तुमी कसा मोजला?"

मी ताणून दाखवला. ती इतकी हसली की शेजारचा चहावाला डोकावला.

"अवं, लोकर ताणत असत्यात का? ती काय सुती हाय?"

आमच्या घरात सगळा जन्म सुताचा. सूत ताणल्याशिवाय मोजायचंच नाही, हे हातात मुरलेलं. लोकर ताणली की वाढते, हे त्या हाताला कुठून कळणार?

पुण्याला फोन लावला. बरोबर मापाचा माल चार दिवसांनी येणार होता.

"मला उद्याच पायजे," ती म्हणाली. आता तिचं हसणं गेलं होतं. "पाऊस तोंडावर आलाय. कवळं गवत खाल्लं की मेंढरं आंत्रविषारानं उभ्या उभ्या मरत्यात. माळावरचा मेंढरांचा तळ परवा हलनार, त्याआदी टोचाया पायजे. आमच्या बापाची मेंढरं बी त्यातच हायत."

"मग डिरेलर राहू द्या. चेन लहान चकतीवर कायमची ठेवतो."

"आन् सपाटीला नुसतं पाय फिरवत बसू? पोचायला उशीर होऊन डब्यातला बर्फ वितळला की लस वाया."

बरोबर होतं तिचं. तिनं डोक्याचा रुमाल पुढं केला. "ह्याची पट्टी गुंडाळा की."

"कापड दबतं, ताई. दोन दिवसांत पुन्हा बांगडी."

आता माझी पाळी होती. दुकानामागं एका मोडक्या अॅल्युमिनियम फ्रेमचा सांगाडा पडला होता. त्याचा सीटखालचा पाइप बाहेरून ३४.९ होता आणि आतून तिच्या पाइपापेक्षा केसभर कमी. हॅकसॉनं त्याचं कडं कापलं, एका बाजूनं चीर दिली, कडा घासल्या. जरा फाकवून तिच्या पाइपवर सरकवलं आणि वर डिरेलर आवळला. हलायचं नाव नाही. पिंजरा मोठ्या चकतीच्या जरा वर ठेवून सरळ केला, स्क्रू जुळवले, केबल जोडली, पेडल फिरवत गिअर बदलला. खट्. चेन लहान चकतीवर.

हिराबाईनं कड्यावरून बोट फिरवलं. "मिस्त्री, चुकला झ्याक, आन् निस्तरलं त्याहून झ्याक."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. मागं मेंढरांचा नुसता गलका.

"समद्यांना टोचून झालं. आता ह्ये ऐका."

खडखड आवाज आला. ती फोनजवळ डबा हलवत होती. आतला बर्फ वाजत होता.

खरं सांगतो, आजवर एवढा चांगला आवाज माझ्या कुठल्याच सायकलीनं केला नाही.

ते कडं तिच्या सायकलीवर अजून आहे. दोरा मी अजूनही मागवतो. फक्त आधी विचारतो, सुती की लोकरी?