बाबांच्या वाटचं बोलणं

बाबांना लकवा झाला, उजवा हात आणि बोलणं गेलं, तेव्हा मी त्यांच्याशी ओरडून बोलायला लागलो. मी पोलाद कारखान्यात कामाला, रोलिंग मिलच्या खडखडाटात ओरडायचीच सवय. त्यांना ऐकू नीट येतं, हे डोक्यातच शिरलं नाही.

भिलाईहून नागपूरला नेलं, तिथे बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं, ‘‘शब्द त्यांना माहीत आहेत, सापडायला वेळ लागतो. विचारा आणि थांबा.’’ मी मान डोलावली, पण घरी येऊन थांबलो काही नाही. बाबांनी ‘च’ म्हटलं की मी चहा आणायचो. क्वार्टरवर आलेल्यांनी तब्येत विचारली की उत्तर मीच द्यायचो. वर ‘बाबांच्या मनातलं मला बरोबर कळतं’ ही फुशारकी. बाबा खिडकीकडे बघत बसायचे.

एकदा ड्यूटीवरून लवकर परतलो, तर आतून बाबांचा आवाज आला. अडखळत, पण त्यांचा स्वतःचा. ‘‘वरणात... मीठ... नाही.’’

मी धावत आत गेलो. मला बघताच ते गप्प झाले.

मी बायकोला स्वयंपाकघरात गाठलं. ‘‘बाबा कवापासून बोलून राहिले?’’

‘‘महिना झाला,’’ ती म्हणाली. ‘‘तुमी ड्यूटीवर गेले का बोलतात.’’