चाकावरची खातूनबी

चांद्याच्या गुरांच्या दवाखान्यात मी तेवीस वर्षं ड्रेसर होतो. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या आणि डॉक्टर दौऱ्यावर असले की त्यांच्या वाट्याच्या शिव्या आपण खायच्या, हे माझं काम. त्यामुळे मोठ्या लोकांच्या गोष्टी मला सांगता येत नाहीत. जनावरं आणि जनावरांभोवतीची माणसं, एवढंच माझं भांडवल. त्यातली खातूनबी मला आजही स्वस्थ बसू देत नाही.

तिचा नवरा जहीर घोड्यांचे केस कापायचा. कोणाला हसू येईल, पण तेव्हा ते पोटापाण्याचं काम होतं. कार्तिक लागला की घोड्याच्या अंगावर दाट हिवाळी केस येतात. टांग्याला जुंपलेल्या घोड्याचा घाम त्या केसांत मुरतो, संध्याकाळच्या गारठ्यात अंग ओलंच राहतं आणि जनावर खोकायला लागतं. म्हणून केस कापायचे. फाल्गुनात म्हशींची पाळी यायची, उवा-गोचिडांपायी.

जहीरची मशीन हाताची होती. लाकडी तिवईवर एक मोठं लोखंडी चाक, चाकाला मूठ, तिथून निघालेली पुरुषभर लांब लवचीक नळी आणि नळीच्या टोकाला दातेरी पाती. न्हाव्याच्या मशीनसारखीच, पण चौपट मोठी. एकाने चाक फिरवायचं, दुसऱ्याने पाती जनावराच्या अंगावरून चालवायची. दोन माणसांशिवाय ती मशीन म्हणजे नुसतं लोखंड. लग्न झाल्यावर चौथ्या महिन्यापासून चाकावर खातूनबी बसली, आणि एकोणीस वर्षं बसली.

मूलबाळ झालं नाही. सासू-सासरे कधीच गेलेले. रेंगीत मशीन टाकायची, बैल जुंपायचा आणि दोघांनी निघायचं. सिंदेवाही, ब्रह्मपुरी, मूल गाव, कधी डोंग्यातून वैनगंगा ओलांडून गडचिरोली. मालगुजारांचे घोडे होते, पोलीस ठाण्याचे होते, बाजाराच्या गावी टांगे होते. बिरादरीतल्या बायका नावं ठेवायच्या, बाई परक्या गावात रस्त्यावर बसून चाक फिरवते म्हणून. खातूनबी डोक्यावरची ओढणी नीट करायची आणि फिरवत राहायची. रस्त्याने जाताना दोघं फार बोलत नसत. पण ब्रह्मपुरीच्या बाजारात मी त्यांना एकदा पाहिलं होतं, एका कागदावरचा चिवडा दोघं खात होती, आणि खारे दाणे जहीर वेचून वेचून तिच्या बाजूला सारत होता. आमच्याकडे जन्मभर संसार केलेल्या माणसांनाही एवढं सुचत नाही, आणि त्यांत मी स्वतःलाही धरतो.

चाक फिरवताना ती मधूनच थांबायची. हे सगळ्यांना माहीत होतं. घोड्याची एक बाजू होईपर्यंत तीन-चारदा. जहीर विचारायचा, थकलीस का? ती मान डोलवायची. मग तो बिडी ओढायचा, ती पाती हातात घेऊन फडक्याने पुसायची, तेलाचे दोन थेंब सोडायची आणि पुन्हा चाकावर बसायची. टांगेवाले कुरकुरायचे की बाईमाणूस आणलं तर असंच होणार. जहीर ऐकून घ्यायचा. त्याच्या मनात ते रुतत होतं, हे कोणाला दिसलं नाही.

मालगुजाऱ्या गेल्या, तसे घोडेही कमी झाले. पंचावन्न साली खाणीवरचा एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा त्याच्या तबेल्यातली विजेची मशीन जहीरने मिळवली. मुठीएवढ्या जाडीची, आत मोटर, बटण दाबलं की गुणगुणायला लागणारी. त्या दिवशी तो मशीन घेऊन दवाखान्यात दाखवायला आला होता. मी फारसं कौतुक केलं नाही, कारण यंत्राचं कौतुक करणाऱ्यांशी माझं कधी जमत नाही. तर तो म्हणाला, "भाऊ, मशीन माह्यासाठी नाई घेतली. तिच्यासाठी घेतली. एकोनीस वर्षं चाक फिरवून फिरवून थकली बिचारी."

विजेची मशीन म्हटली की तार आली. गावोगाव तार कुठून आणणार? म्हणून जहीरचं घोड्याकडे जाणं बंद झालं, घोडा त्याच्याकडे यायला लागला. गावातल्या दादाजींच्या लाकूड कापायच्या आरा मशीनवर वीज होती. तिथल्या पडवीत बल्बच्या होल्डरमधून तार काढून घ्यायची परवानगी जहीरने मिळवली, आणि त्या बदल्यात जुनं चाक दादाजींना देऊन टाकलं. बैल विकला. खातूनबी घरी बसली. दोन माणसांचा स्वयंपाक तो केवढा! सकाळचे नऊ वाजायच्या आत तिचं सगळं आवरलेलं असायचं.

पहिले काही घोडे बरे झाले. नवी पाती, नवा कौतुकाचा विषय. मग एके दिवशी मुखरू टांगेवाला आपली घोडी घेऊन दवाखान्यात आला. पांढरी, गरीब स्वभावाची घोडी. तिच्या पोटावर आणि मांडीच्या आतल्या बाजूला लाल पट्टे उठले होते, काही ठिकाणी पाणी धरलेलं. पट्ट्यांची रुंदी बरोबर मशीनच्या पात्याएवढी. मुखरू रडकुंडीला आला होता. टांगेवाल्यांत एव्हाना बोलणं सुरू झालं होतं की वीज जनावराच्या अंगात उतरते. डॉक्टर दौऱ्यावर. मी धुऊन मलम लावलं, पण हे कशाने झालं ते मला सांगता येईना. मागोमाग जहीर आला, म्हणाला की घोडी हलली. घोडी हलली तर कापेल, भाजेल कशी? मी त्याला तसं तोंडावर म्हणालो. तो मान खाली घालून निघून गेला. लागोपाठ चार टांगेवाल्यांनी आपले घोडे त्याच्याकडे न्यायचं बंद केलं.

दुसऱ्या दिवशी खातूनबी दवाखान्यात आली. एवढ्या वर्षांत ती एकटी कधी आली नव्हती. घोडी दाखवा म्हणाली. मुखरू तिथेच होता, तो तोंड फिरवून उभा राहिला. तिने घोडीच्या मानेवर हात ठेवला, वाकून पट्टे पाहिले, आणि मुखरूला एकच विचारलं, की काम चालू असताना जहीर किती वेळा थांबला? मुखरू म्हणाला, थांबायला कशाला पाहिजे, विजेची मशीन थकते का? एका दमात केलं त्याने.

खातूनबी तिथल्या बाकावर बसली. मुखरू घोडीला पाणी पाजायला घेऊन गेल्यावर मला म्हणाली, "पातं तापलं का चाक जड येते, भाऊ. हाताले कळते. केस आत अटकले, तेल सुकलं, तरी जड येते. मंग मी थांबत होती."

 मग मी विचारलं, की मग थकली का म्हटल्यावर तुम्ही हो का म्हणत होता?

"घोड्याचा मालक तिथीच उभा राहे. त्याच्यासमोर पातं तापलं म्हनलं तर माह्या नवऱ्याच्याच मशीनले खोट लागते. म्हनून हो म्हनत होती. मले वाटे, यायले समजते."

जहीरला कधीच समजलं नव्हतं. त्याला वाटलं बायको थकते. एकोणीस वर्षं एका नळीच्या दोन टोकांना दोघं बसली, आणि तो बिडी ओढत तिच्यावर दया करत राहिला. जन्मात एकदाही पातं त्याच्या हातात तापलं नाही, कारण ते तापायच्या आत ही थांबत होती. मला त्याचा राग आला आणि त्याची कीवही आली. मी म्हणालो, हे आजच्या आज त्याला सांगा. ती म्हणाली, कसं सांगू? मी कधी थकलीच नव्हती असं सांगितलं, तर ती मशीन त्यांनी कोणासाठी आणली?

बरं, मग एवढंच सांगा की पातं तापतं, मधे थांबून बघत जा. त्यात काय जातं तुमचं? मी आपला वकिली आवाजात बोलून गेलो.

खातूनबी घोडी गेली त्या दिशेला पाहत होती. "सांगन. पन थेही त्यायले समजलं, तर मंग माहं काय काम राह्यलं, भाऊ?"

मला बाईचा जीव कुठे अडकला आहे ते तेव्हा दिसलं. दोनदा-तीनदा जनावर भाजलं असतं तर जहीर आपसूक तिला शोधत आला असता. ती पडवीत नुसती बाजूला बसली असती तरी तिला आवाजावरून कळलं असतं. तिने न सांगणं, एवढंच पुरेसं होतं. आणि मी मूर्खासारखा तेच बोललो. म्हणालो, मग नका सांगू, भाजू द्या आणखी दोन घोड्या, येईल बोलवायला. माझ्या जिभेला हाड नाही हे माझी बायकोही सांगते.  खातूनबी उठली, तिने मलमाचं भांडं माझ्या हातातून घेतलं आणि घोडी परत आल्यावर तिच्या पोटाला स्वतः मलम लावलं.

त्या शुक्रवारी दवाखान्याची कात्री जहीरकडून धार लावून आणायला मी त्यांच्या घरी गेलो. जहीरने मला चहाला बसवून घेतलं. अंगणात खातूनबीने विजेची मशीन फडक्यावर खोलून मांडली होती. पात्याच्या मागे घोड्याच्या केसांचा गच्च गोळा निघाला, तेलाने काळा पडलेला. दात घासायच्या जुन्या ब्रशने तिने दात्यांमधले केस काढले, पाती रॉकेलमध्ये बुडवली, कोरडी पुसली. मग दात्यांवर शिवणाच्या मशीनचं तेल तीन थेंब आणि पात्याच्या मागच्या बाजूला एक. कसायचा स्क्रू पूर्ण घट्ट केला आणि मग थोडा सैल सोडला. फार आवळलं की पाती एकमेकींना घासतात आणि तापतात, फार सैल सोडलं की केस ओढतात, हे ती जहीरला दाखवत होती. घरात वीज नव्हती, तेव्हा पाती हातानेच सरकवून दाखवली. जहीर उकिडवा बसून पाहत होता. पन्नाशीला आलेला माणूस, पण लक्ष देऊन.

शेवटी तिने त्याचा हात धरला, पालथा केला आणि पातं त्याच्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवलं. "दर एवढ्या वेळानं असं लावून पाहाचं. मनगटाले सोसत नाई, ते घोडीच्या पोटाले सोसंल का?"

जहीरने विचारलं, तुला हे कसं ठाऊक, विजेच्या मशीनला तर तू कधी हात लावला नाहीस. ती म्हणाली, लोखंड ते लोखंडच. तो खुश झाला. माझ्याकडे वळून म्हणाला, "पाह्यलं का भाऊ? घरातच उस्ताद बसला होता."

पोटावरचे केस परत वाढले तेव्हा मुखरूने पुन्हा घोडी आणली, भीत भीत. जहीरने दर थोड्या वेळाने बटण बंद केलं, मनगटाला पातं लावलं, तेल सोडलं. एक डाग उठला नाही. पंधरा दिवसांत टांगेवाले परतले. मी सांगायला त्याच्या घरी गेलो, की डॉक्टरसाहेबांनीही त्याच्या कामाचं कौतुक केलं. तेव्हा खातूनबी चहा ओतता ओतता नवऱ्याला म्हणाली, उद्यापासून मी पडवीत येऊन बसू का? घोड्याचं तोंड धरीन. नुसती बसीन.

जहीर हसला. इतक्या मायेने हसला की मला त्याच्यावर चिडताही येईना. "कायले? एवढी वर्षं हाडं झिजवली न तू. आता मी सारं शिकलो. तू आराम कर."

तिने माझ्याकडे पाहिलं. मला सगळं ठाऊक होतं. एका वाक्याचं काम होतं, आणि एरवी नको तिथे बोलणारा मी बशीतला चहा फुंकत बसलो. सांगितलं असतं तर जहीरची एकोणीस वर्षांची माया खोटी ठरली असती, असं मी मनाला समजावलं. खरं म्हणजे माझी हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी नऊ-साडेनऊला मी दवाखान्यात निघालो होतो. खातूनबी आपल्या घराच्या दारात बसली होती. केस विंचरलेले, धुतलेली ओढणी, पायांत चपला. मी थांबलो आणि विचारलं, कुठे निघालात?

"कुठी नाई, भाऊ," ती म्हणाली. "नुसतं घरी बसनं जमते का, पाहून राह्यली."