अण्णांचा महिना कुणाचा

"मॅडम, दवाखान्यातले अठरा दिवस माझ्या महिन्यातले गेले. माझी पाळी झाली," बाळूशेठ म्हणाले.

"झाली कशी? अण्णा तुझ्या घरात हायेत का? ऱ्हायलेले दिवस आधी भर, मग माझा महिना," थोरले दत्ताभाऊ म्हणाले.

मी फिजिओथेरपिस्ट. चिंचवडच्या एका हॉस्पिटलात स्ट्रोकच्या, म्हणजे अर्धांगवायूच्या पेशंटना पुन्हा उठवायचं, चालवायचं काम करते. माझ्या टेबलासमोर भांडणारे हे दोघे जवळच्या माण गावचे सख्खे भाऊ. वडील, अण्णा, उजव्या अंगाने लुळे होऊन आलेले. घरचा रिवाज असा, की अण्णा एक महिना थोरल्याकडे, एक महिना धाकट्याकडे. झटका नेमका धाकट्या बाळूशेठच्या महिन्यात आला.

तेव्हा आमच्याकडे नवं सॉफ्टवेअर आलं होतं. पेशंटची माहिती भरली की डिस्चार्जनंतर तो कुठे जाईल ते सांगायचं: घर, रिहॅब सेंटर की नर्सिंग होम. अण्णांपुढे त्याने 'घर' दाखवलं.

"मग अडलंय कुठे? बेड रिकामा करा," ॲडमिनचे साहेब म्हणाले.

"कुठलं घर, सर? थोरला पहिल्या मजल्यावर, धाकटा तिसऱ्या."

"बिल्डिंग एकच ना? पत्ता एकच. म्हणजे प्रेडिक्शन बरोबर."

माझं डोकंच फिरलं. स्ट्रोकनंतरचे पहिले काही महिने सोन्यासारखे. रोज व्यायाम झाला तर हात बराचसा परत येऊ शकतो, हयगय केली तर राहतो तसाच. अण्णांना दर महिन्याला खुर्चीत घालून जिन्यावरून वरखाली करणार, तर व्यायाम कधी घेणार? लिफ्ट नव्हती. लिफ्टसाठी सोडलेल्या जागेत भावकीच्या मोटारसायकली.

चार दिवस गेले. पाचव्या दिवशी चुलते आले आणि त्यांनी निवाडा दिला, "अठरा दिवस नऊ-नऊ वाटून घ्या."

"आन् हे भांडणातले चार?" बाळूशेठनी विचारलं. चुलते खरंच बोटांवर मोजायला लागले.

अण्णा शेजारीच व्हीलचेअरवर होते. तोंड वाकडं, बोलणं जड. त्यामुळे त्यांना ऐकूही येत नाही, असं सगळ्यांनी धरून टाकलेलं.

"गाळा," अण्णा म्हणाले.

बिल्डिंगखालचा दुकानाचा गाळा रिकामा होता. अण्णांनी डाव्या हाताने आधी स्वतःकडे, मग खाली बोट दाखवलं, आणि विषय संपला. मी सॉफ्टवेअर उघडलं. त्यात गाळा नव्हता. साहेबांनी 'घर' ठेवायला सांगितलं.

दोन महिन्यांनी मी बघायला गेले. शटर वर, आत कॉट, बाहेर जुनी पाटी तशीच: 'सर्व प्रकारची दुरुस्ती करून मिळेल'. रस्त्याने जाणारा प्रत्येक जण आत डोकावून "अण्णा, हात वर" म्हणत होता. गावासमोर नाव जायला नको, म्हणून दोन्ही सुना डबे घेऊन खाली येत होत्या, दोन्ही मुलगे आळीपाळीने अण्णांना चालवत होते. असला रिहॅब मला पैसे देऊनही जमवता आला नसता.

"काय अण्णा, सध्या महिना कुणाचा?" मी चेष्टेने विचारलं.

ते काठी टेकत उठले. जड जिभेने, पण स्पष्ट बोलले, "बिल्डिंग माझी हाय, पोरी. म्हैना बी माझाच."

आता मी डिस्चार्जच्या फॉर्मच्या कोपऱ्यात पेनाने एक प्रश्न लिहिते: पेशंटला विचारलं का? सॉफ्टवेअर तो वाचत नाही. नातेवाईक मात्र वाचतात, आणि बहुतेक वेळा खुर्ची पेशंटकडे वळवतात.