आणखी एक डबी

थायलंडमध्ये काय पाहिलंस, असं कोणी विचारलं तर खरं उत्तर असं की मी दुकानं पाहिली. देवळं पाहिली ती दोन दुकानांच्या मधल्या वेळात, तीही सावलीत बसायला मिळतं म्हणून.

दोन हजार सात साल असावं. लंडनच्या ऑफिसला नाताळची सुट्टी होती आणि आम्ही तिघं, मी, बायको आणि आई, बँकॉकला गेलो होतो. आई ऑक्टोबरपासून आमच्याकडे स्टॅनमोरला आली होती. वडील जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. तिला जरा मोकळं वाटावं म्हणून ही सहल, असं मी सगळ्यांना सांगत होतो. मला स्वतःला खरं तर आठवडाभर झोपायचं होतं. त्या वर्षी प्रोजेक्टने माझ्या नाकी नऊ आणले होते.

परदेशात राहून आणखी परदेशी फिरायला जाणाऱ्या माणसाची पंचाईत अशी की त्याला दोन्हीकडे भेटी वाटाव्या लागतात. ऑफिसातल्यांना लाकडी हत्तीची किचेन्स, जी ते थँक्यू सो मच म्हणून ड्रॉवरमध्ये टाकतात. पुण्याच्या आत्यांना रेशमी स्कार्फ, जे त्या कधीही बांधत नाहीत. शेजारच्या इंग्रज आजीबाईंना साबणातून कोरलेलं फूल, कारण त्या आमच्या कुंड्यांकडे बघणार होत्या. तीन दिवसांत हे सगळं उरकलं आणि मी सुटकेचा नि:श्वास टाकला. पण मुख्य खरेदी राहिलीच होती, ती म्हणजे हळदीकुंकवाचं वाण.

आम्ही त्याच वर्षी घर घेतलं होतं. नव्या घरात संक्रांतीचं हळदीकुंकू थाटात करायचं बायकोच्या मनात होतं. स्टॅनमोर, एजवेअरच्या मिळून बावीस बायका येणार होत्या. दरवर्षी सगळ्या जणी त्याच त्या दुकानातल्या स्टीलच्या वाट्या नाहीतर प्लॅस्टिकचे डबे वाटतात, आपण काहीतरी वेगळं देऊ, असं तिने ठरवलं आणि निवड आईवर सोपवली. ‘आई, तुमची चॉइस बेस्ट असते,’ असं म्हणून ती स्वतः हॉटेलच्या स्विमिंग पूलवर गेली. हमाली माझ्याकडे आली.

शनिवारचा बाजार होता. पत्र्याखाली शेकडो दुकानं, वारा नाही, हवेत तळलेल्या माशांचा वास. आई एका म्हातारीच्या दुकानापाशी थांबली ती थांबलीच. तिथे लाखेच्या छोट्या डब्या होत्या, काळ्याभोर, झाकणावर सोनेरी वेलबुट्टी. ‘संक्रांतीला काळं चालतं,’ आई म्हणाली, ‘आणि यात कुंकूसुद्धा ठेवता येईल.’ मी म्हटलं, झालं तर मग, घे बावीस.

पण आईचं तसं नव्हतं. वाण सगळ्यांना सारखं हवं. एकीला मोठं, दुसरीला लहान, असं झालं तर घरी जाताना बायका बोलतात. म्हातारीकडे एकाच नक्षीच्या नऊ डब्या होत्या. उरलेल्या शोधायला आम्ही गल्लीगल्ली फिरलो. दर दुकानात आई डबी उचलायची, झाकण लावायची, काढायची, आतून बोट फिरवायची, वास घ्यायची. कुठे सोनेरी रंग उडालेला, कुठे झाकण सैल. एका दुकानदाराला आम्ही घाऊक व्यापारी वाटलो. त्याने मला खुर्ची दिली आणि आईसमोर कॅल्क्युलेटर धरला. आई हसली. वडील गेल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं, हे मला आज आठवतं. तेव्हा मी फक्त खुर्चीवर बसलो होतो.

तीन तासांनी बावीस भरल्या. माझ्या दोन्ही हातांत पिशव्या, शर्ट पाठीला चिकटलेला, पायांचे तुकडे पडलेले. मी टॅक्सीच्या दिशेने वळलो तर आई पुन्हा एका दुकानात शिरलेली.

‘आणखी एक हवी,’ ती म्हणाली.

‘अगं, बावीस झाल्या. दोनदा मोजल्यात मी.’

‘असू दे, एक घेऊ.’

‘कोणासाठी पण?’ माझा आवाज चढला. ‘तुला थोडंच बसायचंय त्या हळदीकुंकवाला!’

आईच्या हातात डबी होती. तिने झाकण लावलं, डबी फळीवर जिथून उचलली होती तिथे परत ठेवली आणि म्हणाली, ‘चल.’ टॅक्सीत तिने एक पिशवी मांडीवर घेतली आणि वाटभर बाहेर बघत बसली. मला वाटलं, उन्हाने दमली.

संध्याकाळी बायकोने मला हॉटेलच्या गॅलरीत गाठलं. ‘आईंना काय झालं रे? हळदीकुंकवाला नाही बसणार म्हणतायत.’

‘ती बसणारच नव्हती ना?’ मी विचारलं.

‘अरे, मी ऑक्टोबरमध्येच त्यांच्याशी बोलले होते. म्हटलं, इथे हे असलं कोणी मानत नाही, तुम्ही माझ्या शेजारी बसायचं, नो आर्ग्युमेंट्स. किती दिवस नाही नाही करत होत्या. बँकॉकला निघायच्या आदल्या दिवशी हो म्हणाल्या. आणि आज अचानक म्हणे, नको गं, मला नाही बरं वाटायचं. तू काही बोललास का?’

‘मी कशाला काय बोलू?’ मी म्हटलं.

असा मी मूग गिळून बसलो. पुण्यात वडील गेल्यावर आईला हळदीकुंकवाला येऊ नका असं कोणी तोंडावर म्हटलं नव्हतं. बोलावणं तेवढं बंद झालं होतं. जे तिथल्या बायकांनी तोंडाने म्हटलं नाही, ते तिच्या पोटच्या मुलाने भर बाजारात म्हटलं होतं. तेवढं कळण्याइतका मी शहाणा होतो. तिच्यासमोर जाऊन कबूल करण्याइतका नव्हतो. लंडनला परतल्यावर रोज वाटायचं, आज बोलू. मग ऑफिस, मग ट्रेन, मग जेवण, आणि दिवस संपायचा. आईही माझ्याशी नेहमीसारखीच वागत होती, डब्यात पोळीभाजी भरून देत होती. त्यामुळे तर आणखीच जड जात होतं.

हळदीकुंकू एका शनिवारी दुपारी झालं. पुरुषांना अशा वेळी घरात जागा नसते, म्हणून मी वरच्या छोट्या खोलीत जाऊन बसलो. पलंगावर बायकांचे कोट टाकलेले होते, जानेवारीचे जाडजूड, एकावर एक. थोड्या वेळाने आई आली. साधी करड्या रंगाची साडी नेसली होती. तिळगुळाच्या वड्या करून, ताटं लावून, बायका यायला लागल्यावर ती वर निघून आली होती. कोट जरासे सरकवून ती कडेला टेकली.

खालून हसण्याचे, उखाण्यांचे आवाज येत होते. मग वाण लुटायला सुरुवात झाली असावी, कारण एकदम ‘अय्या, कसली क्यूट आहे!’ असा गलका उठला. आई मान किंचित कलती करून ऐकत होती. जिन्यातून बायकोने हाक मारली, ‘आई, प्लीज या ना खाली, सगळ्या विचारतायत तुम्हाला.’

‘चालू दे तुमचं,’ आई म्हणाली. ‘मी इथे बरी आहे.’

आता नाही बोललो तर कधीच बोलणार नाही, हे मला कळत होतं. तीन आठवडे पाठ केलेलं सगळं विसरलो.

‘आई, त्या दिवशी बाजारात मी जे बोललो ना, ते मनातलं नव्हतं गं. फार दमलो होतो. तोंडातून निघून गेलं. तू जा ना खाली.’

आईने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. लहानपणी मी ताप लपवायचो तेव्हा बघायची तसं.

‘दमलेला माणूस खोटं बोलत नाही रे,’ ती म्हणाली, आणि मला जरा उठायला सांगून माझ्या अंगाखाली आलेला कोणाचा तरी कोट तिने ओढून काढला, चुरगळत होता म्हणून.