ब्रेकच्या रॉडला हात कुणी लावला

नववीच्या पोरांना द्रवाच्या दाबाचा धडा मी अठ्ठावीस वर्षं शिकवला. फळ्यावर खडूनं ब्रेकची आकृती काढायचो. इथं पाय, इथं तेल, इथं चाक. पाय दाबला की तेलावर दाब येतो, दाब आला की चाक थांबतं. अगदी सोपं. ज्याच्या डोक्यात हे शिरायचं नाही त्याच्यावर मी असा ओरडायचो की शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून बघायच्या. आणि देवाची करणी बघा, माझ्याच गाडीचं चाक पाय न लावता थांबायला लागलं आणि मला दोन महिने काही कळलं नाही.

गाडी म्हणजे साधीसुधी गाडी नव्हे. जुनी विलायती स्पोर्ट्स कार, लाल, दोनच सीटांची, छत उघडणारी. हैदराबादच्या एका म्हाताऱ्या गृहस्थाकडून मी ती आणली. कामून आणली, हे मला आजही नीट सांगता येत नाही. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी माणसाला काय होतं कुणास ठाऊक. ही गाडी इतकी बुटकी, की शेजारून ट्रॅक्टर गेला तर त्याच्या चाकाचे नट आपल्या डोळ्यांसमोर फिरतात. शेळी आडवी आली तर ती वरून बघते, आपण खालून. बायको पहिल्यांदा बसली तेव्हा म्हणाली, "हिच्यातून उतरायला दोन माणसं लागत्यात, आन् बसायला तर दोघांचीच जागा. मग उतरवणार कोण?"

परभणीत आमच्या गल्लीत ती ठेवायला जागा नव्हती. म्हणून ती ताडकळसच्या अलीकडे, आमच्या शेतातल्या टिनाच्या शेडमध्ये राहिली. शेत बघतो माझा थोरला भाऊ. मी त्याला दादा म्हणतो. दर आठ दिवसांनी तो ताडपत्री काढायचा, गाडी चालू करायचा, दहा मिनिटं इंजिन ऐकायचा आणि सीटवर चढून बसलेल्या कोंबड्या हाकलायचा. मी सुट्टीत जायचो, गॉगल लावायचो आणि गाडी घेऊन गावाला चक्कर मारायचो. म्हणजे काम त्याचं आणि रुबाब माझा. दादा दर गुरुवारी परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, यायचा. मोंढ्यातलं काम झालं की दुपारी आमच्याकडे जेवायचा. ज्वारीच्या दोन भाकरी, ठेचा, वरण. जेवता जेवता मला म्हणायचा, "तुझी म्हैस ठीक हाय." तो गाडीला म्हैस म्हणायचा.

संक्रांतीनंतरच्या रविवारी मी बायकोला घेऊन ताडकळसच्या बाजाराकडे निघालो. पाच-सहा किलोमीटर गाडी मस्त गेली. मग ती जड व्हायला लागली. ॲक्सिलरेटर दाबला तरी पळेना. रबर जळाल्यासारखा वास आला. शेवटी भर रस्त्यात ती अशी थांबली की हलेना. पुढच्या चाकाला हात लावला तर चटका बसला. एसटीतली माणसं खिडकीतून बघत गेली. एकजण ओरडला, "सर, धक्का मारू का?" बायकोनं पदर डोक्यावरून इतका पुढं ओढला की तिला कोण ओळखणार. मला मात्र सगळे ओळखत होते. तासाभरानं चाकं गार झाली तशी गाडी आपसूक मोकळी झाली आणि आम्ही बाजार न करता परत फिरलो.

घरी येऊन मी फोनवर रात्रंदिवस व्हिडिओ बघितले. त्यात एका गोऱ्या माणसानं सांगितलं, की ब्रेकच्या टाकीत ट्रॅक्टरचं नाहीतर इंजिनाचं तेल पडलं तर आतली रबरं फुगतात आणि ब्रेक सुटत नाही. झालं! माझ्या डोळ्यांपुढं शेडमधली फळी उभी राहिली. गाडीच्या शेजारी फळी, फळीवर ट्रॅक्टरच्या तेलाचा डबा. आणि शेडमध्ये जाणार कोण? दादा.

मी तसाच उठलो, मोटारसायकलला किक मारली आणि शेतावर गेलो. तिथं तुरीची मळणी चालली होती. मशीनवर चार-पाच माणसं होती, सगळी गावातली. मी मशीनच्या वर आवाज काढून म्हणालो, "दादा, गाडीत ट्रॅक्टरचं तेल तूच टाकलंस ना? ज्यातलं कळत न्हाई त्यात हात कामून घालतोस? ट्रॅक्टर आन् ही गाडी एक हाय का?" उचलली जीभ लावली टाळ्याला. दादाच्या तोंडावर तुरीचा भुसा होता, तो त्यानं पुसला. "मी तेल टाकलं न्हाई," एवढंच म्हणाला. मी म्हणालो, "मग काय गाडीनं स्वतः पिलं?" माणसं खाली बघायला लागली. मला वाटलं, बघा, कसा बिनतोड मुद्दा काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादानं ट्रॅक्टर काढला, लाल गाडीला दोर बांधला आणि मला नुसतं "बस" म्हणाला. पुढं ट्रॅक्टरवर तो, मागं दोराला बांधलेल्या वासरासारखा मी. दोर सैल पडू नये म्हणून मला मधून मधून ब्रेक दाबावा लागायचा. दाबला की ब्रेक अडकायचा, मग ट्रॅक्टर गुरगुरत आम्हाला फरफटत न्यायचा. परभणी येईपर्यंत त्यानं एकदाही मागं वळून बघितलं नाही. घरासमोर त्यानं दोर सोडला. बायको पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. "ट्रॅक्टर रस्त्यात हाय," म्हणाला आणि पाणी न पिता गेला.

त्या गुरुवारी तो जेवायला आला नाही. पुढच्या गुरुवारीही नाही. मोंढ्यात येऊन गेला, हे मला दुसऱ्याच कुणाकडून कळलं. बायको सवयीनं दोन भाकरी जास्तीच्या थापायची. संध्याकाळी त्या टोपल्यात तशाच असायच्या. "गुरुवारची भाकर उरायलीय," ती म्हणायची. मी म्हणायचो, "त्यानं गाडी बिघडवली आन् रुसला पण तोच. चोराच्या उलट्या बोंबा." पण जेवताना माझाही घास फिरायचा. साठीला आलेला भाऊ, घरावरून जातो आणि थांबत नाही. हे माझ्या जिवाला लागलं होतं, पण कबूल करायचं म्हणजे माघार घ्यायची, आणि माघार मी नववीच्या पोरांसमोरही कधी घेतली नव्हती.

मग मी दुरुस्तीच्या मागं लागलो. आता मला ब्रेक दुरुस्त करायचा नव्हता, दादाचा कसूर सिद्ध करायचा होता. अर्धी गल्ली अडवून उभी असलेली गाडी पुढं-मागं चालवून गरम करून अडकवली आणि चाकामागचा बारीक नट सैल केला. आतून तेलाची पिचकारी उडाली ती थेट माझ्या चष्म्यावर, आणि चाक मोकळं झालं. म्हणजे दाब आत कोंडला होता. इथवर मास्तर बरोबर होते. मग मी चाकाजवळची सगळी रबरं काढली. फुगलेली सापडणार म्हणून बायकोला बोलावलं, शेजाऱ्याला बोलावलं. रबरं चांगली होती. घट्ट, काळी, जागच्या जागी. शेजारी म्हणाला, "ठीक दिसायलेत की." मी म्हणालो, "वरून दिसत न्हाई ते." डोळ्यांसमोर पुरावा होता, पण मला दिसेल तर शपथ.

नवी रबरं मागवली, नळ्या बदलल्या, तेल बदललं. नळ्यांतली हवा काढायला दोन माणसं लागतात: एकानं आतून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकापाशी नट उघडायचा. बायकोला सीटवर बसवलं. मी खालून ओरडायचो, "दाब! धर! सोडू नको म्हणलं ना!" ती वरून म्हणायची, "तुमी आधी ठरवा, दाबू का धरू." सगळी गल्ली ऐकत होती. दीड तासानं ती उतरली, चप्पल घातली आणि म्हणाली, "दादांना बोलवा. तुमच्या हाताला वळण न्हाई." मी गाडी बाहेर काढली. पाच किलोमीटरवर ती पुन्हा अडकली.

शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीला घरी आणलं. आयुष्यभर जुन्या जीप दुरुस्त केलेला माणूस. मी त्याला आकृती काढून समजवायला लागलो. त्यानं हात वर करून मला थांबवलं, सीटवर बसला आणि पेडल पायानं नाही, दोन बोटांनी दाबलं. हळूच. पुन्हा दाबलं. मग म्हणाला, "सरजी, ह्याला खेळच न्हाई."

"म्हणजे?"

"पेडलला वर थोडी ढील लागती. अर्ध्या बोटाची. ती असली की पाय काढल्यावर तेल मागं टाकीत जातंय. तुमच्या गाडीला ढीलच न्हाई. तेलाची वाट बंद. गरम झालं की तेल फुगतंय, जायला जागा न्हाई, मग चाकं धरतंय." तो खाली वाकला, पेडलमागच्या रॉडवर बोट फिरवलं. "रॉड कुणीतरी आवळलाय. हात कुणी लावला ह्याला?"

मी म्हणालो, "आधीच्या मालकानं असेल."

"न्हाई सरजी. घासल्याची खूण ताजी हाय. आन् हे पान्याचं काम न्हाई, पकडीचं हाय. हे बगा दात उमटलेत. मिस्त्री माणूस असल्या नटाला पकड लावत न्हाई."

माझ्या हातात त्या वेळी पकड होती. ती मी पाठीमागं धरली.

मग आठवलं. दिवाळीच्या सुट्टीत मी शेडमध्ये गेलो होतो. पेडल वरच्या बाजूला किंचित हलतं, हे मला खपेना. वर्गात बाक हललेलं मला खपत नाही, पेडल कसं खपेल? पान्याचा नंबर जुळेना म्हणून पकडीनंच नट सैल केला, रॉड आवळला, पेडल दगडासारखं घट्ट केलं आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली. दिवाळीनंतर गाडी शेडच्या बाहेर लांब गेलीच नाही, म्हणून संक्रांतीपर्यंत कळलं नाही. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात. माझी तर म्हैस रिकामी.

मिस्त्रीनं दीड आटा सैल केला. पाच मिनिटांचं काम. संध्याकाळी मी गाडी पाच किलोमीटरच्या पुष्कळ पुढं, थेट पिंगळी गावापर्यंत नेऊन आणली. चाकं गार. बायकोनं विचारलं, "कशानं झालतं?" मी सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. "मग आता?" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी लाल गाडी घेऊन शेतावर गेलो. वाटेत भाषण तयार केलं: प्रस्तावना, कारणमीमांसा, खेद. शेतात हरभऱ्याची मळणी चालली होती. मशीनवर तीच माणसं. त्यांना बघून माझी पाचावर धारण बसली. मी दादाला बाजूला, बाभळीखाली नेलं आणि बारीक आवाजात सांगायला लागलो, की तेल नव्हतं, रबरं चांगली होती, पेडलमागं एक रॉड असतो...

"तो रॉड का," दादा म्हणाला. "दिवाळीत पकडीनं आवळलास त्यो?"

मी विचारलं, "तुला कसं ठावं?"

"आरं, बॅटरी कुणी धरली व्हती? शेडात उजेड न्हाई. तू खाली शिरलास, मी अर्धा घंटा बॅटरी धरून वाकलो व्हतो. म्हणलंबी तुला, ऱ्हाऊ दे, चालतंय ते. तू म्हणलास, तुला काय कळतंय."

मला त्याचा एक शब्दही आठवत नव्हता. पकड आठवली, नट आठवला, माझी हुशारी आठवली. तिथं उजेड कुठून आला, हे एकदाही मनात आलं नव्हतं.

"मग त्या दिवशी बोलला कामून न्हाईस?"

"चार लोकं व्हते," दादा म्हणाला. "गावातली अर्धी पोरं तुझ्या हाताखालून गेलीत. त्यांच्यापुढं मास्तरला खोटं पाडू का मी?"

माझी मान खाली गेली. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. मी त्याच माणसांपुढं त्याची इज्जत काढली होती, आणि तो तिथं भुसा पुसत माझी सांभाळत होता. तयार केलेलं भाषण तिथंच सोडलं. मी मशीनकडे गेलो आणि हात वर करून ती बंद करायला लावली.

"ऐका," मी म्हणालो. "त्या दिवशी मी दादाला बोललो ते खोटं होतं. ब्रेक मीच बिघडवला. माझ्या हातानं. दादा नको म्हणत असताना."

कुणी हसलं नाही.

"झालं?" मागून दादा म्हणाला. "करा रे चालू. हरभरा पडलाय." मशीन पुन्हा धडधडायला लागली, तसं त्यानं एक रिकामं पोतं माझ्या अंगावर फेकलं. "उभा काय ऱ्हायलास? तोंड धर त्याचं."

मी धरलं. तो घमेल्यानं हरभरा ओतत होता आणि पोतं भरेपर्यंत मी हात हलवला नाही.